दाढेचा दरारा

सुनेनं लाँड्रीच्या काउंटरपाशी येऊन सांगितलं, "आई, डॉक्टर म्हणतात, अक्कलदाढ काढावी लागेल." बाई तेव्हा हॉटेलच्या चादरीवरचा डाग नखानं खरवडून बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण डॉक्टर?"

"चौकातल्या. दातांच्या."

"दातांच्या डॉक्टरनं दुसरं काय सांगावं? सांभाळ, माया कर, रोज फिरायला ने?"

"दुखतं हो आई. तोंड उघडत नाही."

"मग नको उघडूस. कुणाचं अडलंय?"

इस्त्रीवाला फिसकन हसला. मशीनपाशी उभा असलेला मुलगा बायकोकडे न बघता साबण मोजू लागला. बाईंचा नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता, त्यानं पेपर जरा वर धरला. दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं, म्हणून सगळे त्याला मालक म्हणायचे. त्यापलीकडे मालकीचं असं त्याच्याकडे काही नव्हतं.

"माझ्या सासूचे सगळे दात तिच्याबरोबर गेले," बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "या घरात कुणी दवाखान्यात जाऊन दाढा उपटून घेणार नाही. नाजूकपणाची थेरं माझ्यासमोर नकोत."

सून गाल धरून आत गेली. पुढच्या आठवड्यात ती माहेरी जाऊन राहिली आणि हसतखेळत परत आली. गालाची सूज उतरलेली, तोंड उघडलेलं. बाईंनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तोंड दाखवलं. "बघा, माझं ऐकलं आणि दाढ आपोआप बसली. डॉक्टर काय, लुटायलाच बसलेत."

हे सांगून जीभ वाळली नसेल, तोच बाईंच्या स्वतःच्या जबड्यात, अगदी मागच्या कोपऱ्यात, कुणीतरी खिळा ठोकायला घेतला. पन्नाशी उलटलेल्या बाईला अक्कलदाढ छळते म्हणजे काय! आधी त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ती दाढच त्यांना दुसरीकडे बघू देईना. जबडा असा आवळला की चमचा आडवा जाईना. एक शब्द बोलायचा म्हटला तरी कळ कानातून निघून डोक्यात जाऊन बसे. पण सांगायचं कुणाला? सून मान वाकडी करून, गोड आवाजात, "काढून टाका ना आई," असं म्हणणार. ते ऐकण्यापेक्षा दाढेसकट मेलेलं बरं. बाईंनी ओठ मिटले आणि काउंटरवर बसून राहिल्या.

बाई बोलेनात म्हटल्यावर लाँड्री हादरली. आजवर बाई रागावल्या की भांड्यांसारख्या वाजत. गप्प बसण्याइतक्या रागावल्या आहेत, असं कुणी बघितलंच नव्हतं.

पहिला कोसळला इस्त्रीवाला. त्यानं घडी घातलेला शर्ट समोर ठेवला. बाईंनी कॉलर बघितली, तेवढ्यात दाढेत सणक आली. त्यांनी डोळे मिटून नाकानं लांब श्वास घेतला.

"कळलं ना तुम्हाला?" इस्त्रीवाला रडकुंडीला आला. "बाई, वकीलसाहेबांचा कोट मी घातला होता. मेव्हण्याच्या लग्नात. पण एकदाच! आणि परत धुतला, घरच्या साबणानं."

बाई काही बोलल्या नाहीत. बोलणार कशा?

"बरं, दोनदा," इस्त्रीवाला म्हणाला.

दुपारी मुलगा आला. बाईंसमोर उभा राहून शाळेत असल्यासारखा नखं कुरतडू लागला. "आई, शिव्या तरी दे. हॉटेलचे पडदे आटले ना, ते कापड वाईट होतं म्हणून नाही. मीच उकळत्या पाण्यात टाकले. मोबाईलवर मॅच लागली होती."

त्या पडद्यांपायी बाई हॉटेलच्या मॅनेजरशी रस्त्यात उभं राहून भांडल्या होत्या. माझा मुलगा डोळ्यांत तेल घालून काम करतो, असं छाती ठोकून सांगितलं होतं. त्यांना आता ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड लागतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि ते नुसतं बघणं त्या दिवट्याला चपलेपेक्षा जास्त लागलं. तो उठून न सांगता मशीनची जाळी साफ करू लागला. ती जाळी त्यानं कधी बघितली तरी होती का, देव जाणे.

संध्याकाळी मालकांनी पेपर खाली ठेवला. "अगं, तू विणलेला तो स्वेटर हरवला नव्हता. टोचायचा फार. मी इस्त्रीवाल्याला दिला. त्याच्या कुत्र्याला छान बसला."

शेवटी सून. भांडी घासता घासता तिनं नळ बंद केला. "आई, तुम्हाला कोण बोललं माहीत नाही. पण हो, मी दवाखान्यात जाऊन मगच माहेरी गेले. दाढ काढलीय मी."

बाईंचे डोळे वटारले गेले. सुनेला वाटलं, रागानं. खरं तर बाईंना विचारायचं होतं, दुखलं का गं? किती वेळ लागला? पण विचारणार कोण! त्या तशाच रोखून बघत राहिल्या, आणि सून घाबरून बोलत राहिली.

"सुई टोचते तेवढंच, आई. मग जबडा आपला वाटतच नाही, उशी वाटते. कडकन आवाज येतो, पण दुखत नाही. आणि माझ्या आईनं आइसक्रीम दिलं मला. खरं सांगते, लग्नानंतर एवढी शांत झोप लागली नव्हती."

शेवटचं वाक्य बाईंनी मनात नीट घडी घालून ठेवलं. त्याचा समाचार तोंड उघडल्यावर.

पण उघडावं का? पेच तिथेच होता. उभी हयात घसा फोडून जे झालं नाही ते या मुक्या जबड्यानं करून दाखवलं होतं. चहा न मागता समोर येत होता. चादरी निघत होत्या त्या कोऱ्या वाटाव्यात अशा. मालक स्वतःची ताटली विसळत होते, आणि विसळून झाल्यावर बाईंना दाखवत होते. दाढ काढली की तोंड उघडणार, तोंड उघडलं की ही सगळी बांडगुळं परत सैलावणार. दाढ ठेवली तर राज्य राहील, पण राज्य काय चावून खायचं? शेवटी चहात बुडवलेलं बिस्कीटही दातांच्या फटीतून जाईना, तेव्हा पोटानं निकाल दिला. बाईंनी पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता निघाल्या.

इस्त्रीवाल्यानं ती पिशवी बघितली आणि बोंब ठोकली, "बाई घर सोडून चालल्या!"

लाँड्रीचं शटर पडलं. मालक, मुलगा, सून आणि इस्त्रीवाला हॉटेलच्या मळक्या चादरींवर बसून लाँड्रीच्या व्हॅनमधून निघाले. चौकातल्या फळवाल्यानं दवाखान्याच्या जिन्याकडे बोट दाखवलं. चौघं धापा टाकत आत घुसले, तर बाई खुर्चीत आडव्या, तोंडावर दिवा, आणि तोंडात डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात.

"आई, चुकलो!" मुलगा ओरडला.

"अहो, हळू! आजींची दाढ निघतेय," डॉक्टरीण म्हणाली. 'आजी' या शब्दाला बाईंनी जागच्या जागी उत्तर दिलं असतं, पण जीभ बधिर होती.

"म्हणजे ही रागावली नव्हती?" मालकांनी विचारलं.

"राग कसला? यांचं तोंडच उघडत नव्हतं."

इस्त्रीवाला मटकन स्टुलावर बसला. "मग मी कोटाचं कशाला बोललो?"

"आणि मी पडद्यांचं?" मुलगा म्हणाला. बाईंना आडव्या पडल्या पडल्या दिसलं, एकेका तोंडावरची भीती उतरत होती, ओला कपडा दोरीवरून घसरावा तशी.

तोंड नीट उघडू लागताच बाईंनी कोट, पडदे, स्वेटर, कुत्रा, झोप, सगळं एका दमात बाहेर काढलं. कुणी मनावर घेईना. "जाऊ दे ना आई, ते सांगून झालंय," मुलगा म्हणाला आणि परत मॅच बघू लागला. ताटली विसळणं बंद झालं. इस्त्रीवाल्यानं तर कमाल केली. "बाई, उद्या मावसभावाचं लग्न आहे. तो कोट नेऊ का? लपवाछपवी नको म्हणून विचारतो."

आता मात्र बाई खरोखर रागावल्या. असला राग त्यांनाही नवा होता. ठरवलं, ही सगळी नाक घासत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ओठ मिटून काउंटरवर बसल्या आणि वाट बघू लागल्या.

सून आली. हातात कोमट मिठाचं पाणी. "दुसऱ्या बाजूची सुरू झाली ना आई? गुळण्या करा."

बाईंनी डोळे वटारले.

"फारच दुखतंय यांना," सून म्हणाली. मुलानं लगेच डॉक्टरला फोन लावला. इस्त्रीवाल्यानं गालाला शेक द्यायला गरम इस्त्री केलेला रुमाल आणला. मालक म्हणाले, "सोसत बसू नकोस गं." चौघांनी हाताला धरून व्हॅनमध्ये बसवलं. आयुष्यात कुणी त्यांच्याशी इतकं गोड वागलं नव्हतं, आणि आयुष्यात त्या इतक्या संतापल्या नव्हत्या.

डॉक्टरणीनं आत बघितलं, ठोकून बघितलं. "दिसायला तर चांगली आहे. पुढे त्रास देईल, न देईल. खूप दुखत असेल तर काढू. आजी, तुम्हीच सांगा, काढायची की ठेवायची?"

'ठेवा' म्हणायचं, तर मग गप्प का बसलात, ते सांगावं लागणार. म्हणजे आधी बाईंनी बोलायचं. समोर ही चौघं डोळ्यांत माया आणून उभी. बाईंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं, आणि ताठ मानेनं 'काढा' अशी खूण केली.

येताना व्हॅनमध्ये मालकांनी त्यांचा हात हातात घेतला. "आता कसं मोकळं वाटत असेल ना?"

तेव्हा मात्र बाईंचा निश्चय सुटला. मालकांपासून कुत्र्यापर्यंत एकेकाचा उद्धार करणारं लांबलचक वाक्य त्यांनी बधिर जिभेनं, तोंडातल्या कापसातून, जिवाच्या आकांतानं बाहेर फेकलं.

मालक मागे वळून म्हणाले, "ऐकलंत? हो म्हणतेय."