आडवी, चढती, पुन्हा आडवी

आमच्या श्रीधरकाकांना कुठलीही गोष्ट समजावायची म्हणजे हातात खडू लागतो. बंदर खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बरेचसे पैसे बाजाराशी जोडलेल्या एका मुदतीच्या रोख्यात घातले. तेव्हापासून अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर एकच आकृती: एक आडवी रेघ, मग चढती, मग पुन्हा आडवी.

"ही खालची बघ. बाजार कितीही पडो, मुदत भरली की मुद्दल हातात. चढला तर चढाचा वाटा. पण इथे छप्पर. त्याच्या वर बाजार गेला तरी आपल्याला छपराएवढंच. आणि मुदतीआधी मोडलास तर हमीबिमी काही नाही, मिळेल तो भाव. कळलं हो?"

मी शेजारी, रोज संध्याकाळी चहाला हजर. "कळलं," म्हणायचो आणि बशीत चहा ओतायचो.

पावस गावातल्या त्यांच्या आंब्याच्या बागेचा सौदाही त्यांनी याच चालीवर मांडला. इस्माईलभाई दरवर्षी मोहोर बघून बागेचे पैसे ठरवणारे व्यापारी. काका त्यांना म्हणाले, "पीक गेलं तरी एवढे नक्की. भाव चढला तर निम्मा वाटा माझा. फारच चढला तर वरचं सगळं तुमचं."

इस्माईलभाईंनी गडगा नीट न्याहाळला. "काका, आकडा बोला. गडगा घेऊन वाशीच्या बाजारात कसा जाऊ मी?"

सौदा फिसकटला. त्या वर्षी आमच्या आळीने फुकट हापूस खाल्ला.

मग माझी आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे कमी पडतायत, हे मी चहा पिता पिता बोलून गेलो. आठवड्याने काकांनी चेक आणून दिला. "रोख्याची मुदत भरली रे. सावकाश दे." आई चालायला लागली, मी वर्षभरात पैसे फेडले आणि स्वतःवर खूश झालो.

यंदा त्यांचं आयकराचं विवरणपत्र भरायला बसलो, तेव्हा रोखा विकल्याचा कागद हाती आला. मुदतीला आठ महिने बाकी होते. मुद्दलाच्याही खाली विकला होता. ती मुदतीची तारीख काकांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काका, कशाला मोडलात? केवढं नुकसान झालं तुमचं."

त्यांनी धोतराच्या टोकाने चष्मा पुसला. "मेल्या, माझे मुलगे फोनवर दोन मिनिटांत कंटाळतात. रोज येऊन माझं सगळं ऐकून घेणारा तू एकटाच."

मी मान खाली घालून रकाने भरत राहिलो. त्यातलं मी काहीच ऐकत नव्हतो, हे त्यांना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.