आबांचा पाण्याखालचा साकव

माझ्या लग्नाच्या बैठकीत पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसून गेली, आणि माझ्या वडिलांनी घसा साफ करून सांगितलं, "आम्हाला मुलगी पसंत आहे." सगळे हसले. बायका साखर वाटायला उठल्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "तोंडी न्हाय. लेखी द्या."

वडिलांना वाटलं चेष्टा चालली आहे. चेष्टा नव्हती. पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर वडिलांना 'मुलगी पसंत आहे' असं लिहावं लागलं, खाली सही आणि तारीख. गृहस्थांनी ते सावकाश वाचलं, काखेत धरलं आणि झाकण मिळाल्याची पोच वडिलांना स्वतःहून लिहून दिली. हे माझे मामेसासरे, सणसरचे सोपानआबा. त्यांच्या त्या झाकणामुळे माझं लग्न मोडणं कायद्यानं अवघड होऊन बसलं, असं माझी बायको शैला अजून सांगते.

आबा चांगले बागायतदार. ऊस, कडेला थोडी भाजी, दारात दोन म्हशी. माणूस भांडकुदळ मुळीच नाही, उलट हसतमुख. फक्त हवेत बोललेल्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. एकदा छातीत दुखतंय म्हणून त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सगळं तपासून म्हणाले, "आबा, काही झालेलं नाही तुम्हाला." आबा म्हणाले, "मग तसं लेखी द्या की." डॉक्टरांनी वैतागून 'काहीही झालेले नाही' असं लिहून दिलं. आबांनी तो कागद गावभर दाखवला. आबांच्या बायको, म्हणजे आमच्या मामी, म्हणाल्या, "ह्येंच्या डोक्याचं बी इचारायचं हुतं त्या डॉक्टरला."

अशा माणसाच्या हाती माहितीच्या अधिकाराचा कायदा लागला. आपण विचारलं की सरकारनं लेखीच उत्तर द्यायचं, असा कायदा आहे हे कळल्यावर आबा संध्याकाळभर ओसरीवर गप्प बसून होते म्हणे. मामी घाबरल्या. पण तो आनंद होता.

आता साकवाचं, म्हणजे पायी जायच्या छोट्या पुलाचं, सांगतो. आबांची वस्ती कॅनॉलच्या अलीकडे आणि त्यांच्या धाकट्या भावाची, तात्यांची वस्ती बरोबर समोर, पलीकडे. एकानं शिंकलं तर दुसऱ्याला ऐकू जावं इतकं अंतर. पण दोघं बोलत नव्हते. कारण इकडचं नेहमीचंच, ग्रामपंचायतीची निवडणूक. तात्या नानांच्या पॅनेलमधून उभे राहिले, आबा समोरच्या पॅनेलच्या प्रचारात फिरले आणि तात्या पडले. नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना विचारल्याशिवाय या पट्ट्यात बांधकामाची वीट हलत नाही. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. कॅनॉलला पाणी असलं की पलीकडे जायला पार लांबच्या पुलावरून वळसा. पाणी बंद झालं की बायापोरं कोरड्या कॅनॉलातून खुशाल उतरून जातात. हे दोघे तसेही कधी गेले नाहीत. आधी कोणी जायचं, हा प्रश्न होता.

तर एका ग्रामसभेत झालेल्या कामांचं वाचन चाललं होतं. त्यात आलं, 'सोपानआबांच्या वस्तीजवळ कॅनॉलवर साकव, काम पूर्ण.' आबा उभे राहिले. "माझ्या वस्तीजवळ? मी तर रोज तितंच असतो. मला कसा दिसंना?" कोणीतरी म्हणालं, "झालाय, आबा. बसा खाली." आबा म्हणाले, "लेखी द्या." आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या कार्यालयात अर्ज: साकव कुठे आहे ते दाखवावे, आणि नसेल तर बांधून कधी मिळणार ते सांगावे. साकव त्यांना मनापासून हवा होता. "पोरींना शाळंला वळसा पडतुया," ते सांगायचे, आणि ते खरंच होतं.

अर्ज कार्यालयात पोचायच्या आधी त्याची बातमी नानांकडे पोचली. आमच्याकडे कोणी धमकी वगैरे देत नाही. ते मागासलेपणाचं लक्षण झालं. आमच्याकडे पाहुणे पाठवतात. सगळा मुलूखच एकमेकांचा पाहुणा असल्यामुळे कोणत्याही माणसाला गप्प करायला योग्य तो नातेवाईक शोधून काढायचा, एवढंच काम उरतं. नानांनी पहिल्यांदा आबांचे व्याही पाठवले, लोणी भापकरचे. व्याही मटण जेवले, पान खाल्लं आणि हळूच म्हणाले, "तेवढा अर्ज मागं घ्या की." आबा म्हणाले, "घिऊ की. पर तुमच्या गावच्या टाकीचं काय झालं? पाणी चढतंय का?" व्याह्यांनी उसासा सोडला. निघाले तेव्हा त्यांच्या खिशात टाकीबद्दलचा त्यांचा स्वतःचा अर्ज होता, आबांच्या अक्षरातला. मग कळसचा भाचा आला. तोही मिटवायला आला आणि रस्त्याच्या डांबराबद्दल अर्जदार होऊन गेला. माणसं पाठवून नानांनी अर्जांची बागायतच लावली.

शेवटी माझी पाळी आली. मी बारामतीत हायस्कुलात भूगोल शिकवतो, आणि आमच्या संस्थेत नानांची ऊठबस आहे. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमी जावई माणूस. आबा जावयाचा शब्द खाली पडू द्यायचे न्हाईत." मी शैलाला घेऊन सणसरला गेलो. जेवण झालं. मी विषय काढला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू, तुमचा शब्द मोडायची आपल्यात पद्धत न्हाय," ते म्हणाले. "आत्ता अर्ज मागं घेतो. तुमी फकस्त एवढं लिवून द्या, की नानांनी सांगितलं म्हणून मी सांगतोय. सही करा, लगीच उठतो."

शैला पदराआड हसत होती. मी म्हणालो, "आबा, राहू द्या. आणखी थोडा रस्सा आहे का?" एवढ्यावर माझी शिष्टाई आटोपली.

इकडे कार्यालयात वेगळंच चाललं होतं, हे मला पुढे तिथल्या माहिती अधिकारी मॅडमनी सांगितलं. बाई साताऱ्याकडच्या, नव्यानं बदलून आलेल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात उत्तर तयार केलं होतं: साकव अस्तित्वात नाही. पण नानांच्या पीएचा फोन आला, "आम्हाला दाखवल्याशिवाय उत्तर जाऊ देऊ नका." वरच्या साहेबांनीही मान डोलावली. मग ते उत्तर नानांच्या बंगल्यावर जायचं आणि दुरुस्त होऊन परत यायचं. एकदा आलं, 'माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.' एकदा आलं, 'संबंधित कागद वाळवीने खाल्ले आहेत.' आबांनी वाळवीबद्दल वेगळा अर्ज केला. तेव्हा पीएनं अखेरचा इलाज म्हणून स्वतःच्या हातानं वाक्य लिहिलं: 'सदर साकव अस्तित्वात असून सद्यःस्थितीत कालव्याच्या पाण्याखाली असल्याने दृष्टीस पडत नाही.'

पीए पुण्याचा. त्याला नदी माहीत, कॅनॉल नाही. कॅनॉलला पाळीनं पाणी सुटतं आणि पाळी संपली की तळ उघडा पडतो, हे इकडच्या शेंबड्या पोराला कळतं. मॅडमना आल्याआल्या कळलं होतं. "मी त्या वाक्यातला काना-मात्रा बदलला नाही," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, पीएसाहेबांनी इतक्या प्रेमानं लिहिलंय, जसंच्या तसं जाऊ दे."

उत्तर आलं त्या दिवशी आबांच्या अंगात वारं शिरलं. येईल त्याला ते वाचून दाखवत होते. "पाण्याखाली हाय म्हणत्यात. सरकार म्हणतंय म्हंजी असंलच. पाणी जाऊ द्या." आणि कायद्यात कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे म्हणून त्यांनी नवा अर्ज टाकला: पाणी बंद झाल्यावर साकवाची समक्ष पाहणी करू द्यावी.

पाळी संपली. ठरल्या सकाळी मी सणसरला पोचलो तर कॅनॉलच्या भरावावर जत्रा. लोणी भापकरचे व्याही, कळसचा भाचा, शाळेतल्या मुली, अर्धं गाव. एक भेळवालासुद्धा गाडी लावून उभा होता. मॅडम शिपायाला घेऊन आल्या होत्या. मामींनी सगळ्यांना चहा पाजला. तळाशी जागोजाग चिखल आणि डबकी होती, एक तुटकी चप्पल होती, कोणाची तरी हरवलेली दुधाची कासंडी होती. ती जिची होती ती बाई लगेच खाली उतरून घेऊन गेली. साकव नव्हता.

आबा धोतर खोचून, हातात काठी घेऊन खाली उतरले आणि गंभीर तोंडानं चिखलात काठी खुपसत चालू लागले. लोक हसून लोळायच्या बेतात. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पीए. आम्हाला मॅडमचंच बोलणं ऐकू आलं. "हो सर, पाहणी सुरू आहे... नाही सर, आधी बंगल्यावर कसं आणणार? पंचनामा इथंच कॅनॉलात लिहितेय, लोकांच्या सह्या इथंच होतायत... काही दुरुस्ती असेल तर आपण खाली या ना सर. चिखल फार नाही." फोन ठेवून त्यांनी लिहिलं, 'जागेवर साकव आढळून आला नाही, काम तातडीने होणे आवश्यक.' सह्यांना रांग लागली. टाकीवाले व्याही सगळ्यांत पुढे.

पलीकडच्या भरावावर तात्या उभे होते. ते केव्हापासून बघत होते कोण जाणे. आबा काठी खुपसत निम्म्याच्या पुढे गेले आणि तिथल्या गाळात त्यांचा पाय पोटरीपर्यंत रुतला. काठी निसटली. आमच्याकडून कोणी धावायच्या आत पलीकडून तात्या घसरतच खाली आले. त्यांनी थोरल्या भावाच्या काखेत हात घातला, ओढून बाहेर काढलं आणि निसटलेली काठी उचलून हातात दिली.

"काय हुडकतुयास रं, दादा?" तात्या म्हणाले.

"साकव," आबा म्हणाले. "सरकार म्हणतंय हितं हाय."

तात्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. साकव नाही हे त्यांना गेली कित्येक वर्षं दारातून दिसत होतं. शिवाय नानांची माणसं उभी होती, सगळं गाव बघत होतं.

"हितं न्हाय वाटतं," ते म्हणाले. "जरा वरल्या अंगाला बघू. चल."

आणि दोघं निघाले. तात्यांनी आबांचा दंड सोडला नाही. आबा मधूनच काठीनं चिखल ढवळायचे, तात्या वाकून बघायचे, मान हलवायचे, आणि पुन्हा पुढे चालायचे. चालता चालता काहीतरी बोलत होते. एकदा आबा मोठ्यानं हसलेले ऐकू आले. बघता बघता दोघं वळणापर्यंत पोचले. शैला उघडउघड रडत होती.

मॅडम कागद घेऊन भरावावर आल्या. "सगळ्यांच्या झाल्या, अर्जदाराचीच सही राहिली," त्या म्हणाल्या. "हाक मारा ना त्यांना. साकव नाही हे दिसतंच आहे."

मामींनी मॅडमच्या हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं आणि कपात चहा ओतला.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. "हुडकू द्या त्येंना."