भोकांच्या पट्ट्या

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तिन्ही नातवंडांच्या गळ्याची शपथ! शंका असेल तर वन्संना विचारा, त्या समोर खुर्चीतच बसल्यात.

तर आमच्या ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर मी चालवला. आताचं यंत्र खिशात मावतं. आमचं टेम्पोतून आलं आणि चार माणसांनी नवरीसारखं उतरवून घेतलं. त्याला स्वतंत्र खोली, दाराला पडदा, आणि अख्ख्या इमारतीतलं एकुलतं एक थंड हवेचं यंत्र. चपला बाहेर! आमचे साहेबसुद्धा आत जायचे ते भोकं पडलेल्या मोज्यांवर.

टायपिस्ट आम्ही दोघी. मी आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे याच वन्सं. साहेबांनी सांगितलं, "सोमवारी अकराला मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर जी स्वागताचं पत्र छापून दाखवेल, ती या खोलीत बसेल. दुसरी टपालाला."

टपालाची खोली पत्र्याची. उन्हाळ्यात तिथं डिंक आपोआप पातळ व्हायचा. मी महिनाभर जेवणाची सुट्टी सोडून यंत्र शिकले. बटणं तर मला झोपेतही दिसायची. थंड खोली माझीच, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

सोमवारी सकाळी प्रिंटर उघडला. त्याचा कागद म्हणजे एकच लांबलचक घडी, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या. पाहते तर सगळ्या गठ्ठ्याच्या पट्ट्या फाडलेल्या! गठ्ठा कसा विटेसारखा चोख.

"वन्सं, हे काय?"

"उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं, वहिनी. म्हटलं, मोठे साहेब येणार, कागद नीट करून ठेवावा."

आता त्या भोकांत प्रिंटरचे दात अडकतात, तेव्हा कागद पुढे सरकतो, हे कुणाला ठाऊक? महिनाभर मी नुसती बटणं शिकले होते, कागद कधी घातला नव्हता. मी बटण दाबलं. प्रिंटर किंचाळला, दात हवेत फिरले, कागद जागचा हलला नाही. अख्खं पत्र एकाच ओळीवर छापलं गेलं! काजळाची रेघ ओढावी तसं.

दुसरा गठ्ठा नव्हता. आणि बाहेर मोठे साहेब बूट काढत होते. नशीब, बुटांना गुडघ्यापर्यंत नाड्या होत्या.

"वन्सं, खुर्चीत बसा. मी खूण केली की हे बटण दाबा. बाकी सगळं मी बघते."

"आणि तुम्ही?"

"मी मागे."

टेबलावरचा कपडा जमिनीपर्यंत होता. मी टेबलामागे उकिडवी बसले आणि कागदाचं टोक धरलं. प्रिंटर खर्रर्र करून एक ओळ छापायचा, की मी बोटभर कागद ओढायची. खर्रर्र, ओढ. खर्रर्र, ओढ. विहिरीतून पाणी काढत होते म्हणा ना. सांगते काय, निम्मं पत्र रेषेत उतरलं! तेवढ्यात धुळीने शिंक आली. तोंड दाबलं, पण हाताला हिसका बसला आणि कागद वीतभर पुढे, तोही तिरका.

पत्र फाडून घेतल्याचा आवाज आला. मग मोठ्या साहेबांचा, "मध्येच एवढी जागा का सोडलीय?"

मी डोळे मिटले.

"तुमच्या सहीसाठी, साहेब," वन्सं म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्या माझ्या लग्नातही बोलल्या नव्हत्या.

"आणि ओळी खाली उतरत गेल्यात त्या?"

"नवीन पद्धत आहे, साहेब. वाचताना मान अवघडत नाही."

मोठे साहेब खूश. "वा! या बाईंनाच इथं बसवा."

मी टेबलामागून ओरडणार होते. पण ओरडून सांगणार काय? की पत्र मी हाताने ओढलं?

वन्सं अकरा वर्षं त्या थंड खोलीत बसल्या. मी अकरा वर्षं पत्र्याखाली पाकिटं चिकटवली. त्या घरी आल्या की म्हणायच्या, "वहिनी, आज शाल घेऊन बसावं लागलं हो."

आता वन्संचा डोळा लागलाय, घोरतायत. म्हणून हळूच सांगते. शपथ घेतली खरी, पण एक गोष्ट मी पदरची घातलीय. पट्ट्या त्यांनी नव्हत्या फाडल्या. मीच शनिवारी दुपारभर बसून, फूटपट्टी लावून, एकेक करत फाडल्या होत्या.

काय चोख दिसत होता हो तो गठ्ठा!