खलबत्त्याने निवडलेला संघ

"चेंडू नको बघू गं पोरी! चेंडू सगळेच बघतात. तू कंबर बघ!"

हा आवाज एनेइदाच्या बापाचा. ऊसतोडीच्या वस्तीवर, रविवारच्या उन्हात, मैदानाकडेच्या बुटक्या भिंतीवर तिला बसवून तो ओरडायचा. स्वतः बॅट घेऊन उभा राहिला की त्याची कंबर बघण्यासारखी नसायची, तो भाग वेगळा! पण शिकवण हाडात मुरली ती मुरलीच. आता पन्नाशी ओलांडलेली एनेइदा सान पेद्रो गावातल्या बेसबॉल अकादमीत स्वयंपाक करायची. पोरगा मैदानात नुसता चालत आला, तरी हा चेंडू कुंपणापार धाडणार की स्वतःच्याच नडगीवर मारून घेणार, हे ती खिडकीतून सांगू शकायची. सांगायची मात्र कुणालाच नाही. फक्त मांजराला.

"या वर्षीची यादी ना?" त्या सकाळी हिरवी केळी सोलता सोलता ती मांजराला म्हणाली. "माझ्या मुठीत आहे!"

हंगाम संपला होता. बारा पोरांपैकी कोण वर अमेरिकेत, मोठ्या संघाच्या धाकट्या संघांत जाणार, आणि कोण पिशवी उचलून आईकडे, याची यादी आज व्हायची होती. ती यादी करायचे फुलहेन्सिओ मास्तर. तीस वर्षांची त्यांची कीर्ती! मास्तर मैदानाकडे बघतसुद्धा नसत. स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या भिंतीला टेकून एक बाक होता, त्यावर ते मैदानाकडे पाठ करून, पाय दुमडून, डोळे मिटून बसायचे. बॅटचा नुसता आवाज ऐकायचे आणि आकडा सांगायचे. वीस म्हणजे 'बाळा, घरी जा.' ऐंशी म्हणजे देवाने स्वतः बॅट धरली होती.

लोक म्हणायचे, "मास्तरांचा कान म्हणजे कान!"

आणि तोच कान तीन वर्षांपूर्वी गेला होता.

एनेइदा तेव्हा नवीन होती. पहिल्याच आठवड्यात तिने बघितलं, एका पोराने असा फटका मारला की चेंडू ढगाला शिवून आला. मास्तर म्हणाले, "पंचवीस." इतक्यात तिच्या हातून भिंतीजवळ बादली पडली. मास्तर ताठ झाले. "साठ!" पोरगं बिचारं ओठ चावत उभं राहिलं. एनेइदा बादली तशीच टाकून खिडकीशी आली. पोराची तर कीव आलीच, पण मास्तरांची जास्त! जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवणारा अख्ख्या अकादमीत तो एकच पुरुष होता हो!

मग तिने युक्ती काढली. केळी कुटायचा जाडजूड लाकडी खलबत्ता तिने भिंतीला लावून ठेवला. एक डोळा खिडकीबाहेर. फटका साधा असला की हलकेच टक्. बरा असला की ठक्. आणि कंबर, खांदा, मनगट एका लयीत आलं, की दोन्ही हातांनी धाड्! धक्का भिंतीतून बाकात जायचा, बाकातून मास्तरांच्या पाठीच्या कण्यात. मास्तर खुलायचे. "सत्तर!" एनेइदा गुणगुणायची:

"केळं गं हिरवं, लसूण गं पांढरा,
पोराच्या मनगटी वाऱ्याचा भोवरा..."

तीन हंगाम असे गेले. एक आकडा चुकला नाही!

पण या वर्षी मुख्य कचेरीतून मिस हॉलिस आली. हातभर उंच, पाव किलो वजनाची, आणि सोबत तिपाईवर एक यंत्र. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला ते मोजून यंत्र मास्तरांसारखाच वीस ते ऐंशीतला आकडा सांगायचं. अकादमीचे मॅनेजर रादामेससाहेब घाम पुसत स्वयंपाकघरात आले.

"एनेइदाबाई, आज मास्तर विरुद्ध यंत्र! आकडे जुळले तर बाक राहील. नाही जुळले, तर मास्तर उद्यापासून घरी आणि बाकाच्या जागी यंत्र."

"जुळतील की साहेब!" एनेइदाने बाह्या सरसावल्या. "काळजी कसली करता!"

"मला तुमची काळजी आहे. रोज राबता. आज तुम्हाला मानाची जागा! सावलीत, मिस हॉलिसच्या शेजारी. जेवणाला मी हॉटेलातला आचारी बोलावलाय."

एनेइदाच्या हातातलं केळं गळून पडलं. "नको साहेब! मला उन्हाची सवय आहे!"

"लाजू नका!"

"लाजत नाहीये! माझे गुडघे... माझी मांजर..."

साहेबांनी तिचा ॲप्रन स्वतः सोडला. दहा मिनिटांनी एनेइदा चर्चला घालायच्या निळ्या पोशाखात मानाच्या खुर्चीवर बसली होती. हातात नारळपाणी, आणि चेहरा असा, जणू दात काढायला नेलंय! मैदानापलीकडे स्वयंपाकघर मुकं पडलं होतं. मास्तर बाकावर, पाठ करून, डोळे मिटून, सुखात.

पहिला आला यूनेल्की. एनेइदाचा लाडका. कंबर अशी फिरवायचा, जशी बाई ओल्या चादरी पिळते! खण्णकन् फटका बसला. चेंडू कुंपणावरून गेला, रस्ता ओलांडला आणि तिकडे कुणाच्या तरी पत्र्यावर आदळला. कोंबड्यांनी गाव डोक्यावर घेतलं!

मास्तर शांतपणे म्हणाले, "वीस."

मिस हॉलिसने यंत्राकडे पाहिलं.

"वीस?" यूनेल्की ओरडला. "मास्तर, चेंडू दुसऱ्या वॉर्डात गेला!"

"वीस," मास्तर म्हणाले. "आणि तेही दया म्हणून."

दुसऱ्याने रादामेससाहेबांच्या गाडीची काच फोडली. वीस! तिसऱ्याच्या बॅटचे दोन तुकडे झाले, एक तुकडा मिस हॉलिसच्या टोपीला वारा घालून गेला. वीस! चौथा, पाचवा, सहावा... मास्तर असे वीस वाटत होते, जसा पाद्री प्रसाद वाटतो.

"काय गं मावशी, मास्तरांना झालंय काय?" बाद झालेला यूनेल्की येऊन तिच्या कानाशी कुजबुजला. "सकाळी खायला काय घातलंस?"

"मला उठू दे रे!" एनेइदा उठायला गेली.

रादामेससाहेबांनी तिला खांदा धरून बसवलं. "बसा हो! पाहुण्या आहात!"

तेवढ्यात मध्यंतर झालं. पोरं पाणी प्यायला गेली. मैदान रिकामं झालं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात हॉटेलच्या आचाऱ्याला तो खलबत्ता दिसला. त्याने लसूण घेतला आणि सुरू केलं. धाड्! धाड्! धाड्!

मास्तर बाकावरून वीतभर उडाले. "ऐंशी!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ऐंशी! ऐंशी! आई गं, काय पोरगा आहे! पंच्याऐंशी!"

"पंच्याऐंशी आकडाच नाहीये," मिस हॉलिस ओरडून म्हणाली.

"आता आहे!"

रादामेससाहेब धावत बाकापाशी गेले आणि मास्तरांच्या कानात किंचाळले. "मास्तर! मैदानात कुणी नाही! नुसतं कुत्रं आहे!"

खरंच होतं. मैदानाच्या मधोमध एक तांबडं कुत्रं पाय वर करून उभं होतं.

"असू दे!" मास्तर गरजले. "करारावर सही घ्या त्याची!"

पोरं हसून हसून गवतावर लोळली. मिस हॉलिस मात्र हसली नाही. तिने वही उघडली, एक पान मागे, एक पान पुढे. "तीन वर्षं या माणसाची एकही निवड चुकली नाही. आणि आज? मला वाईट वाटतं, पण..." तिने पेनाचं टोपण काढलं.

आता मात्र एनेइदाने नारळ खाली ठेवला. "थांबा बाई!"

"एनेइदाबाई, तुम्ही मध्ये..."

"साहेब, तुम्ही गप्प! तुमच्या मानाच्या खुर्चीनेच घात केला!" आणि तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. खिडकी, खलबत्ता, भिंत, बाक. "मास्तरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बॅटच ऐकू येते. काढायचं तर मला काढा!"

रादामेससाहेबांचा जबडा खाली आला. मिस हॉलिसने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"सहा पोरं उरलीत. इथून सांगता आकडे?"

"त्यात काय!"

सातवा आला. चेंडू सुटायच्या आत एनेइदा म्हणाली, "पंचेचाळीस. हात कंबरेच्या आधी पळतात. पण घरी पाठवू नका, पोट भरत नाही त्याचं. सहा महिने मी खायला घालते, मग बघा."

यंत्र टुणकन् वाजलं. पंचेचाळीस.

आठवा आला. "साठ. उद्या पासष्ट होईल, आज त्याचं मैत्रिणीशी भांडण झालंय."

साठ.

सहाच्या सहा जुळले! आधीच्या सहांचेही तिने आठवून सांगितले, यूनेल्कीला सत्तर. तेही जुळले. मिस हॉलिसने टोपण परत लावलं. "बाक राहील," ती म्हणाली. "भिंतही राहील. यादीवर यापुढे दोन सह्या हव्यात, मास्तरांची आणि तुमची."

"आणि स्वयंपाक?" रादामेससाहेबांनी विचारलं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुपारी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आले. टोपी हातात. एनेइदाने मान वर केली नाही. तिला वाटलं, आता आपलं तोंडही बघणार नाही हा माणूस.

"मास्तर, मला माफ करा," ती मोठ्याने म्हणाली. "तीन वर्षं फसवलं तुम्हाला."

"छे! मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"काय?"

"अगं, बॅटला कधी लसणाचा वास येतो का?"

एनेइदा मटकन् स्टुलावर बसली. "मग आज सगळ्यांना वीस का दिलेत?"

"तू गप्प होतीस. म्हटलं, पोरं भिकार खेळतायत. तुझ्यावर विश्वास ठेवू की पोरांच्या ओरडण्यावर?"

"आणि ते कुत्रं?"

"तू ऐंशी म्हणालीस. मला वाटलं, असेल बाबा कुत्र्यात काहीतरी!"

ती हसली. डोळे टिपले, पुन्हा हसली. मास्तर शेजारच्या पोत्यावर टेकले आणि टोपी बोटांत फिरवत राहिले, फिरवत राहिले. एनेइदाने केस नीट केले. ॲप्रनची घडी सारखी केली. बाहेरून पोरांचा गलका येत होता.

"एनेइदा," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली आहे. कुणापाशीच बोललो नाही. या गावात तर बोलायची सोयच नाही. आज तुला सांगावीशी वाटते."

"बोला ना," ती पुटपुटली, आणि मग त्यांना ऐकू जावं म्हणून लाजत लाजत ओरडली, "बोला!"

मास्तरांनी आधी उठून खिडकी लावली. मग दार. मग तिच्या कानाशी वाकले.

"मला ना," ते म्हणाले, "बेसबॉल मुळीच आवडत नाही."