वाडीच्या बाया

"आठ म्हंजे आठ," सगुणाबाई म्हणाली आणि सुपातले खडे असे वेचून फेकू लागली, जसा काही एकेक खडा म्हणजे गोजरबाईच.

गोजरबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. हसनाबादेत कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तीच जमवायची. किलोमागे आठ रुपये हा सगुणाबाईचा वेचणीचा भाव तिच्या नातवाच्या जन्माच्या साली ठरलेला. नातू आता शाळेत जायला लागला होता, भाव मात्र अजून रांगतच होता.

"आक्का, तेलाचा डबा कुठं गेला बघा. तुमचे आठ तिथंच हाइत."

"मंग तेल कमी खा."

"तेच करून राह्यलो. म्हणून तर अंगात जोर न्हाई. तुमच्या वावरापस्तोर चालणंच होईना."

गोजरबाई गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी वावरात एकही बाई आली नाही. सगुणाबाईनं मुलाला, भुजंगला, घरोघर पाठवलं. एकीकडे पाहुणे आले होते, एकीला पाहुणी म्हणून जायचं होतं, आणि एकीला काय सांगायचं ते अजून सुचलं नव्हतं म्हणून तिनं उद्या यायला सांगितलं.

इकडे बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि वर ढग जमत होते. भिजलेल्या कापसाला व्यापारी हात लावत नाही, लांबून नुसतं नाक मुरडतो. वर्षाचं सगळं पीक त्या ढगाखाली उभं होतं.

"माय, देऊन टाक बारा," भुजंग म्हणाला. "आसपासच्या गावांत तोच भाव चालू हाय."

"गावात एकदा दिले का कायमचे झाले. आज ह्या मागतील, उद्या गुराखी मागंल, परवा तू मागशील."

"मला तर तू काहीच देत न्हाईस."

"म्हणूनच म्हणते."

पण ढगांना हे पटेना. शेवटी सगुणाबाईनंच तोड काढली. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून बाया आणायच्या. त्यांना बारा द्यायचे, रिक्षानं आणायचं, रिक्षानं सोडायचं. बाहेरच्यांना दिलेला पैसा गावाला दिसत नाही, त्यामुळे गावात आपला आठचा शब्द शाबूत. तिनं रिक्षावाल्या आदिनाथला बोलावलं आणि बजावलं, "ह्यातलं अक्षर कोणापाशी बोलायचं न्हाई."

आदिनाथनं कोणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. त्याची बायको गोजरबाईची चुलत बहीण.

सकाळी रिक्षा वावराच्या तोंडाशी थांबली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्यातोंडाला गच्च रुमाल, उघडे फक्त डोळे, अशा बाया एकीमागून एक उतरल्या. वेचणीच्या बाया अशाच असतात, त्यात नवल नव्हतं. नवल कुत्र्याचं होतं. परक्या माणसाची पिंढरी धरल्याशिवाय न राहणारं ते कुत्रं शेपूट हलवत पुढच्या बाईच्या पायात लोळायला लागलं. आणि त्या बाईच्या अंगातला शर्ट भुजंगचा होता. इस्त्रीनं खिसा जळला म्हणून दिवाळीत सगुणाबाईनंच तो गोजरबाईला दिला होता.

सगुणाबाईनं तोंड उघडलं. वर आभाळाकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"कोण्या गावच्या गं तुम्ही?"

"वाडीच्या," शर्टवाली म्हणाली.

"वाडीत पाऊसपाणी काय म्हणतंय?"

"कोणाला ठाऊक... म्हंजे, बराबर हाय. जल्दी वावर दाखवा, आम्हाला वाट माहीत न्हाई." असं म्हणून ती बोराटीच्या कुंपणातल्या चोरवाटेनं सगुणाबाईच्या पुढं आत शिरलीसुद्धा.

वेचणी झपाट्यानं सुरू झाली. पण एक अडचण होती. गावच्या बायांना सगुणाबाई कोरा चहा पाजायची. परगावच्यांना कोरा कसा द्यायचा? घरचं नाव जातं. भुजंग दुधाचा चहा घेऊन आला. बाया बांधावर टेकल्या, रुमाल नाकापर्यंत वर सरकवून फुंकर मारू लागल्या.

"तुमच्या गावात कोणी सगुणाबाई हाय म्हणं," शर्टवाली म्हणाली. "लई चिक्कट."

भुजंगला ठसका लागला.

"हाय की," सगुणाबाई म्हणाली. "पण मोठ्या घरची बाई हाय. गावच्या बायाच कामचुकार. त्यातली ती गोजरी तर वेचते पसाभर अन् बोलते गोणीभर."

"ऐकलंय मी तिचं. त्या सगुणाबाईच्या सुनेच्या बाळंतपणात तिनंच राबून काढलं म्हणं."

"मंग लुगडं दिलं की तिला!"

"इरलेलं दिलं."

"तुला वाडीत बसून दिसलं का गं ते इरलेलं?"

"दिसंना तर काय. त्यातून पार वाडीपस्तोर आरपार दिसत होतं."

सगुणाबाईनं भुजंगला सांगितलं, "साखर कमी पडलीय चहात. उद्या जास्त टाक."

संध्याकाळी माप झालं, बारानं पैसे झाले. गोजरबाईचं घर सगुणाबाईच्या मागच्याच गल्लीत. तरी सगळ्या बाया रिक्षात बसल्या, गावादेखत ओढा ओलांडून वाडीला गेल्या आणि तिथं उतरून पायी घरी आल्या. सकाळी पायी वाडीला गेल्या आणि रिक्षात बसून परत आल्या.

दोन दिवसांत शर्टवाली कुरकुरायला लागली. "मालकीणबाई, चालून चालून पायाचे तुकडे पडले."

"रिक्षा हाय ना तुम्हाला?"

"रिक्षा वाडीपस्तोर हाय. म्होरं आम्हाला... वाडीतल्या वाडीत लई चालावं लागतं."

सगुणाबाईनं आदिनाथला बाजूला घेतलं. "ह्यांना वाडीला सोडलं का दिवेलागणीला गुपचूप आपल्या मारुतीच्या मागं आणून टाकत जा. पहाटंच पुन्हा वाडीला नेत जा."

"मावशी, मंग भाडं डबल होतं."

"देते."

"माय," भुजंग कळवळून म्हणाला, "हा सारा खर्चा करण्यापरीस गोजरबाईला सरळ बारा..."

"कोण गोजरबाई?" सगुणाबाई म्हणाली. "ह्या वाडीच्या बाया हाइत."

शेवटची गोणी घरात आली तेव्हा ढग अजून डोक्यावर होतेच. गोजरबाई रुमाल न बांधता, आपली गावातली म्हणून, ओसरीवर टेकली होती. तेवढ्यात शेजारचा रामकिसन घाईघाईनं आला. त्याचा कापूस अजून झाडावरच होता.

"काकू, लोक म्हणतात वाडीच्या बाया बिलकुल मशीनवाणी हात चालवतात. मला बी त्याच पाहिजेत. गावच्यांना मी आठच्या वर देणार न्हाई, तुमच्यासारखंच. वाडीच्यांना किती दिले?"

सगुणाबाईनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईनं तुळईकडे पाहिलं. रामकिसनला आपल्याच भावात कापूस वेचून मिळावा, हे काही सगुणाबाईला सोसवण्यासारखं नव्हतं.

"मला बारात आल्या," ती म्हणाली. "माझं घर बघून. तुझ्याकडं चौदाच्या खाली न्हाई यायच्या. अन् दुधाचा चहा लागतो त्यांना."

"चौदा! लुटायलेत काय?"

"परगावची माणसं हाइत बाबा. त्यांना काय गावची माया?"

रामकिसन हवालदिल झाला. मग त्याची नजर ओसरीवर गेली. "गोजरबाई, तू तर आपली हाइस. उद्या ये ना बाया घेऊन आठनं."

"आले असते की भाऊ," गोजरबाई पदर सावरत उठली. "पण उद्या पहाटंच मला वाडीला जायचंय."