गार वाऱ्याच्या पेट्या

अयूब सारंगांना त्यांची लाल मोटार पोटच्या पोरीइतकी प्रिय होती, पण उन्हात तिच्यात बसलं की त्यांचा जीव गुदमरायचा. जन्मभर जहाजावर समुद्राचा वारा खाल्लेला माणूस, त्याला ही बुटकी जर्मन मोटार कशी मानवणार? एका कंपनीच्या गोऱ्या साहेबाने विलायतेला परतताना ती त्यांना विकली होती. तिचं इंजिन पाठीमागे होतं आणि भलतंच रुसकं होतं. ते रत्नागिरीत फक्त इद्रीस मिस्त्रीचं ऐकायचं.

इद्रीसला सारंगांची मुलगी कनीज हवी होती. कनीजची ना नव्हती, तिच्या आईची, मैमुनाबीची, तर मुळीच नव्हती. सारंगांना विचारायचा धीर मात्र इद्रीसला होत नव्हता. अशात सावर्ड्याचे लाकडाचे व्यापारी सुलेमानशेठ आपल्या मुलासाठी कनीजला बघायला येणार, असं ठरलं. इद्रीसचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेठ येण्याआधी सारंगांना एकदा तरी भलतंच खूश करायचं आणि त्या खुशीतच विषय काढायचा, एवढा एकच मार्ग त्याला दिसत होता.

त्याच्या एका खलाशी दोस्ताने हँबुर्गहून अशा मोटारींसाठी म्हणून पत्र्याच्या दोन पेट्या आणल्या होत्या. त्या इंजिनाच्या धुराच्या नळ्यांवर बसवायच्या आणि त्यांतली हवा पाइपाने पुढे पायांशी सोडायची. खोक्यावर ‘हीट एक्स्चेंजर’ असं इंग्रजीत छापलेलं. ते घेऊन इद्रीस कचेरीतल्या काशीराम कारकुनांकडे गेला.

“हीट म्हणजे उष्णता,” काशीराम चष्मा सारखा करत म्हणाले. “नि एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. आता उष्णता दिलीस तर बदल्यात घेशील काय? गारवा! दुसरा हाय काय घेण्यासारखा?”

“पण काशीरामभाऊ, ह्या बसतात धुराच्या नळीवर.”

“मग उष्णता जिथं हाय तिथंच बसवणार ना? मीठ आणायला मिठागरात जातोस का आंब्याच्या बागेत?”

इद्रीसला हे पटलं. शेठ यायच्या दिवशी सकाळीच त्याने पेट्या बसवल्या. इंजिन सुरू करून पायांशी हात धरला, तर खरोखरच गार वारा आला. नुकतंच सुरू झालेलं इंजिन स्वतःच गार असतं, हे आनंदाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही. हवा बंद करायची झडप चुकून मिटू नये म्हणून त्याने ती गाडीखाली शिरून तारेने घट्ट बांधून टाकली.

सारंग खूश झाले. “शाबास रे पोरा! शेठनाच आणायला जाऊ ह्यातनं.”

“चाचा, मला थोडा बोलायचा होता...”

“येताना बोल. मागं बस, वाटेत बंद पडली तर?”

मागच्या अरुंद फळीवर गुडघे छातीशी घेऊन इद्रीस बसला. शेठ उतरणार होते तो हातखंब्याचा नाका येईपर्यंत त्याला घाम फुटला होता. तो त्याने काळजीचा समजला.

आपल्या लॉरीतून उतरलेले सुलेमानशेठ काठी टेकत आले. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. ते पुढे बसले, मोटार निघाली आणि पेट्यांनी आपलं खरं काम सुरू केलं.

“इद्रीस,” सारंग दातांवर दात ठेवून पुटपुटले, “पायाखाली भट्टी पेटलीय काय रे?”

“गरम हवा आधी बाहेर पडतेय, चाचा. मग गार येल.”

गार काही येईना. शेठनी टोपी काढली. मग वरचं बटण काढलं, मग सगळीच बटणं काढली. सारंग एक पाय उचलून मोटार चालवू लागले.

“बंद कर ता!”

“बंद करायला गाडीखाली शिरायला लागेल. थांबवली तर परत सुरू होईल का, ता सांगता येत नाय.”

रस्त्यात पाहुण्याला उन्हात उभं करायचं, की आत शिजवायचं? सारंगांनी मोटार दामटली. शेठनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. ते बोलत नव्हते, हलत नव्हते. इद्रीसला दरदरून घाम सुटला आणि हा मात्र खास काळजीचा होता. कनीज तर गेलीच, आता पाहुण्याच्या जिवाचं काय ते अल्लाच जाणे! त्याने शेठच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

मोटार दारात थांबली. शेठनी डोळे उघडले, बाहेर पाय टाकला आणि काठी मोटारीतच विसरून ते तडातडा पायऱ्या चढून ओटीवर गेले.

“सारंगसाब!” ते ओरडले. “हा माजा गुडघा बगा! किती हकीम झाले, किती तेलं झाली, पण असा शेक कोणी दिला नाय. कोणी बसवला हा?”

सारंगांनी इद्रीसकडे बोट केलं. शेठनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“माज्या पोराचा मागनं बोलू. ह्या मिस्त्रीचा लगीन झालाय काय?”

“नाय.”

“मग माजी धाकटी हाय. ह्याला सावर्ड्यालाच नेतो. माज्या लॉऱ्या सांभाळील, नि माजा गुडघा पण!”

इद्रीसच्या तोंडचं पाणी पळालं. सारंगांनी अंगणातल्या लाल मोटारीकडे पाहिलं. इद्रीस गेला की तिच्यात कोंबड्या कोंडायच्या, एवढाच तिचा उपयोग राहणार होता.

“त्याचा ठरलाय,” ते घाईघाईने म्हणाले.

“कोणाशी?”

सारंगांनी तिथवर विचार केला नव्हता. ते नुसते इकडेतिकडे बघू लागले.

“आमच्या कनीजशी,” पडद्याआडून मैमुनाबीचा आवाज आला. पाठोपाठ बांगड्या किणकिणल्या.

शेठच्या हाती नुकताच आलेला सरबताचा पेला तोंडाशीच थांबला. “मग मला कशाला बोलवलात?”

सारंगांनी खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसला.

“मोटार दाखवायला,” ते म्हणाले.