वाटीतला आवंढा

“तो माझा नाही,” मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि टेबलावर वाटीत बसलेल्या आवंढ्यानं तिसऱ्यांदा घसा खाकरला.

“पण आजी, तो तुमच्याच घशातून बाहेर आलाय,” स्नेहल चौगुले म्हणाली. ही समुपदेशक. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्याला तिचं केंद्र आहे. वय तिशीच्या आसपास, आवाज मऊ, हातात अर्ज.

“घशातून बाहेर आला म्हणून माझा झाला का? आणि आजी म्हणू नका. द्रौपदाबाई म्हणा.”

“द्रौपदाबाई, अर्जात रकाना आहे. ‘आवंढ्याशी नातं.’ तो कोरा ठेवता येत नाही.”

“मग काट मारा.”

“काट मारली तर त्याला नुसतं बसवून ठेवता येईल. बोलता यायचं नाही त्याच्याशी.”

मी अर्ज ओढून घेतला. वर ‘आवंडा’ असं लिहिलं होतं. तिचंच पेन घेऊन मी ‘ड’चा ‘ढ’ केला. माझा नसला तरी चुकीचा लिहिलेला मला चालत नाही. मी शाळेत गेलेले नाही. पंगतीत ताटांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर अक्षरं शिकले, तीही उलटी, कारण वाढणारा माणूस समोर उभा असतो. अजूनही मला कागद उलटा धरला की जास्त भरभर वाचता येतो.

मिरजेत दवाखान्याच्या मागच्या बोळात माझी खाणावळ होती. सेहेचाळीस वर्षं चालवली. डॉक्टरकी शिकणारी पोरं जेवायची. त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा भाजीला नाक मुरडलं, तर मी म्हटलं, “तुम्ही पोट कापता, मी भरते, तेव्हा नाकाचं मला सांगू नका.” सगळं गाव मला ओळखतं ते या तोंडामुळं. मी आयुष्यात एक शब्द गिळलेला नाही. आवंढा कुठून गिळणार?

बाहेर आला तो मंगळवारी सकाळी. माझी धाकटी बहीण तानी माळ्यावरून तिची ट्रंक काढत होती. तानी त्रेचाळीस वर्षं माझ्याकडे राहते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर दिवाळीत मी खाणावळ बंद केली. ट्रंकेवरची धूळ पुसत तानी म्हणाली, “अक्का, आता भाकऱ्या कुणाला थापायच्या? रविवारी निपाणीला जाते म्हणते. शैलाकडे.” शैला आमच्या भावाची मुलगी. मी “बरं” म्हटलं आणि गिळायला गेले, तर जागा नव्हती. आत आधीच एक होता. तो बाहेर आला.

लिंबाएवढा, करडा, जरा ओलसर. तानीनं काही न विचारता खाली वाटी धरली. तिची तशी सवयच आहे.

दवाखान्यात दाखवला. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, “आवंढा आहे. जुना आहे. हे आमच्यात बसत नाही, समुपदेशकाकडे न्या.” तेव्हापासून मला घास उतरत नाही, कारण उतरवायचं काम त्याचं. पेज तेवढी जाते, ती आपण होऊन वाहते म्हणून.

“बरं, नात्याचं नंतर बघू,” स्नेहल म्हणाली. “आधी इथं काय होतं ते सांगते. पहिली भेट नुसती ओळखीची असते. पन्नास मिनिटं. मी सल्ला देत नाही.”

“मग करता काय?”

“ऐकते.”

“ऐकायला पन्नास मिनिटं? तेवढ्यात माझ्याकडे दोन पंगती उठायच्या.”

“म्हणून तर त्याला बोलायला मिळालं नसेल,” ती म्हणाली. चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाली. “एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही दिलं तरी चालतं. सुरुवातीला त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, ते नेहमीचं आहे. माझ्याशी पटलं नाही तर दुसऱ्या कुणाकडे जाता येतं, मी स्वतः नाव सुचवते. आणि आत जे बोललं जाईल ते या खोलीबाहेर जात नाही.”

“मला सांगाल ना पण?”

“त्याच्या परवानगीशिवाय नाही.”

“माझ्या घशात राहिलाय तो.”

“आत्ताच म्हणालात, तुमचा नाही.”

माझ्याबरोबर आलेली तानी शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या हसली. मी तिच्याकडे बघितलं तशी ती भिंतीकडे बघायला लागली.

स्नेहलनं वाटी उचलली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तिथं आणखी दोघं होते. एका मास्तरांच्या मांडीवर त्यांची जांभई होती, रुमालात गुंडाळलेली. शेजारी एक बाई होत्या, त्यांचा जीव छत्र्यांच्या खुंटीवर टांगणीला लागला होता. त्या मधूनमधून मान वर करून तो आहे ना ते बघत होत्या.

“पहिलीच वेळ?” बाईंनी विचारलं.

“माझी नाही. त्याची,” मी म्हणाले.

“बऱ्या आहेत मॅडम. माझा पहिल्या दिवशी पंख्याला होता. आता खुंटीपर्यंत आलाय.”

आतून काही ऐकू येत नव्हतं. मी कान दिला होता, खोटं कशाला सांगू? एकदा नुसता खाकरण्याचा आवाज आला.

“शैलाकडे वरच्या मजल्यावर खोली आहे ना?” मी तानीला विचारलं.

“आहे.”

“तुझ्या पायाला जिना चालणार का?”

“चालवायचा.”

“निपाणीचं पाणी जड आहे.”

“अक्का, तू निपाणीला कधी गेलीयस?”

मी गेलेले नाही. मी तिला डब्यातली पेज दे म्हणाले. तिनं झाकणात ओतून दिली आणि उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

बरोबर पन्नास मिनिटांनी दार उघडलं. स्नेहलनं आम्हाला आत बोलावलं. आवंढा वाटीतच होता, पण आता काठाला टेकून बसला होता. मला तो जरा हलका झाल्यासारखा वाटला.

“त्यानं दोनच गोष्टी सांगायची परवानगी दिलीय,” स्नेहल म्हणाली. “पहिली, जन्मतारीख. सोळा फेब्रुवारी. त्रेचाळीस वर्षं झाली. वेळ सकाळची, आणि आजूबाजूला ज्वारीचं पीठ होतं.”

“मी आले तो दिवस,” तानी म्हणाली.

“असेल,” मी म्हणाले. “पण त्या दिवशी मी काही गिळलं नाही. ही दारात ट्रंक घेऊन उभी होती. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. कपाळाला खोक. मी सरळ ये म्हटलं.”

“नुसतं ये नाही म्हणालीस,” तानी म्हणाली. “‘बरं झालं आलीस, भाकऱ्या थापायला हात हवाच होता,’ असं म्हणालीस. आणि परात पुढं सरकवलीस.”

“मग? काय वाईट म्हटलं?”

“वाईट कुठं म्हणतेय? त्याच्यावरच तर राहिले. हात हवा होता म्हणून. आता नकोय, तर निघते. यात भांडण्यासारखं काय आहे ते मला मंगळवारपासून कळलेलं नाही.”

“भांडतंय कोण?”

“तू. चार दिवस. त्या वाटीशी.”

स्नेहलनं दोघींचं होईपर्यंत वाट बघितली. मग कागदावर बघून म्हणाली, “दुसरी गोष्ट. त्याला परत घशात जायचं नाहीये. तानूबाईंबरोबर निपाणीला जायचंय.”

मी म्हटलं, “का?”

“तो म्हणतो, पाठवणाऱ्या तुम्ही असाल, पण पत्ता त्यांचा आहे. त्रेचाळीस वर्षं उशीर झालाय, आता आणखी नको. द्रौपदाबाई, तसं बघितलं तर तुमचंच म्हणणं बरोबर ठरलं. तो तुमचा नाही. नात्याच्या रकान्यात मी तानूबाईंचं नाव घालते.”

“म्हणजे मी जन्मभर पेजेवर राहायचं?”

“त्याचा निर्णय आहे. मी सल्ला देत नाही.”

तानी वाटीकडे बघत होती. तिनं हात पुढं केला नाही.

“मला नको,” ती म्हणाली. “काय आहे आत ते ठाऊक नाही आणि नुसतं ओझं न्यायचं? हिचं असेल तर हिनंच तोंडानं द्यावं. सगळ्या गावाला देते.” तिनं पेजेचा डबा पिशवीत घातला, पदर खोचला आणि उठली. “चल अक्का. मला रविवारच्या एसटीचं बघायचंय.”

“बस खाली.”

“कशाला?”

“मी सांगते म्हणून.”

“सांग की मग.”

मी तोंड उघडलं. मला शब्द शोधावे लागल्याचं कुणी बघितलेलं नाही, त्या दिवशी तिघांनी बघितलं. स्नेहल पेन धरून थांबली होती. आवंढ्यानं या वेळी घसा खाकरला नाही. त्या सकाळची परात मला समोर दिसत होती: पीठ मळून झालेलं, पहिल्या पंगतीच्या सगळ्या भाकऱ्या थापून टोपलीत रचलेल्या, आणि वर फडकं झाकलेलं. तानीला दारात बघून ती टोपली मी घाईघाईनं पायानं चुलीमागं सारली होती.

तानी दाराच्या कडीला हात लावून उभी होती.

“भाकऱ्या मला एकटीलाही येत होत्या, तानी.”